ज्याची ओळ त्यानं पुसायची

चहासाठी पाच कप मांडायचे होते. बिट्टीने चार रोजचे मांडले आणि पाचवा आणायला ती स्टुलावर चढली. वरच्या कपाटात सोनेरी काठाचे कप होते, पाहुण्यांसाठी राखलेले. सहा वर्षांची पोर त्यातला एक जपून खाली काढते, फ्रॉकला पुसते आणि आपल्या आईच्या खुर्चीसमोर ठेवते, हे मास्तर दारात उभे राहून पाहत होते. गेले पाच आठवडे हेच चाललं होतं.

"आईचा कप कुठाय, बिट्टी?" त्यांनी विचारलं. हेही नेहमीचंच.

"हुकाला. आई आली की काढू."

"आई आतल्या खोलीत आहे ना."

बिट्टीने बापाकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "आतल्या खोलीत त्या आहेत," ती म्हणाली आणि चमचे मोजायला लागली.

त्या. शाळेत चाळीस पोरांना वठणीवर आणणाऱ्या मास्तरांना या एका अक्षरापुढे काही सुचत नव्हतं. पोरगी रडत नव्हती, हट्ट करत नव्हती, आईला मारत-बोचकारत नव्हती. तसं काही केलं असतं तर त्यांनी देवाचे आभार मानले असते. ती आईशी अदबीने वागायची. तुम्हाला पाणी हवंय का, तुमचा टॉवेल ठेवलाय, तुम्ही दमला असाल. डॉक्टरांनी डोळे तपासले, कान तपासले, चित्रं काढून घेतली आणि शेवटी एवढंच विचारलं, की आई महिन्यातले किती दिवस घरी असते. मास्तरांनी खरा आकडा सांगितला तेव्हा डॉक्टर नुसतेच पेनाशी खेळत बसले.

आणि फोनवर मात्र वेगळीच तऱ्हा. बिट्टीची आई, ताई, पायलट होती. ती विमान घेऊन गेली, पलीकडच्या कुठल्या तरी हॉटेलातून तिने फोन केला, की बिट्टी धावत जाऊन फोनला लोंबकळायची. मग काय, शाळा, दात, मैत्रिणीशी कट्टी, सगळं एका दमात. "आई, तू कधी येणार गं?" असं विचारायची. दोन दिवसांनी ताई घरी यायची आणि बिट्टी दार उघडून म्हणायची, "या."

म्हणून आजचा रविवार मोलाचा होता. एका छोट्या विमान कंपनीचं, ताईला नोकरी देणारं पत्र येऊन आठ दिवस झाले होते आणि आज संध्याकाळी सहापर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. नाहीतर ती जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होती. दोन पंख्यांची, बेचाळीस माणसांची विमानं. दिवसाला चार फेऱ्या, जवळच्याच गावांच्या. संध्याकाळी पावणेसहाला घरी, रोज. मास्तरांनी ते पत्र इतक्या वेळा वाचलं होतं की घडीवर कागद फाटायला आला होता. त्यातला "रोज" हा शब्द त्यांना सगळ्यात जास्त आवडला होता.

*

या घरात सगळ्यांना बिट्टीच्या नात्याने हाक मारायची पद्धत पडली होती. ताईची आई आता सगळ्यांचीच आजी होती, स्वतःच्या नवऱ्याचीसुद्धा. ताईचा धाकटा भाऊ मामा होता. ताई मात्र त्याच्या तोंडची ताईच राहिली होती आणि मास्तर शाळेतले मास्तरच. आणि ताईचे वडील तर आजोबा व्हायलाच तयार झाले नव्हते. ते कॅप्टन होते, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी कॅप्टन होते, आणि चहाला बसतानासुद्धा खुर्ची अशी पुढे ओढून घेत की आता ती जमिनीवरून सुटेल असं वाटावं.

"ट्रॅक्टर," कॅप्टन म्हणाले. "हवेत चालणारा ट्रॅक्टर आहे तो. अजून एक वर्ष थांबली तर ही मोठ्या विमानाची कॅप्टन होईल. एक वर्ष! आणि हिला खाली उतरून बेचाळीस लोकांना बाजाराला पोचवायचंय."

 काल दुपारी ताई चौदा तासांचं उड्डाण करून आली होती आणि तिचे डोळे अजून त्या दुसऱ्या देशाच्या वेळेवर होते. मास्तरांनी तिची बाजू घेतली, पण घेतली ती मास्तरांच्या पद्धतीने, म्हणजे मुद्दे काढून, आणि कॅप्टन मुद्दे ऐकणाऱ्यांपैकी नव्हते. त्यांचं म्हणणं साधं होतं. त्यांनी स्वतः एकवीस वर्षं लांबची विमानं उडवली. पोरं मोठी व्हायची थांबली का?

"नाही थांबलो," मामा म्हणाला. "तुम्ही आलात की पाहुण्यांच्या चादरी काढायचो."

मामाने हे नेहमीच्या टिंगलीत म्हटलं, पण कोणी हसलं नाही. सगळ्यांची नजर सोनेरी काठाच्या कपाकडे गेली. मामा ताईच्याच मोठ्या विमान कंपनीत होता, कुठला पायलट कुठल्या दिवशी कुठे जाणार याची वेळापत्रकं लावणाऱ्या खात्यात. आठ दिवस तो बहिणीला सांगत होता, की थांब, मी तुझं काहीतरी जमवतो. ताईने त्याला सकाळीच ऐकवलं होतं, की हे तू तीन वर्षं जमवतोयस. तेव्हापासून तो जरा तिच्या बाजूला सरकला होता. बाजू बदलायला मामाला वेळ लागत नसे. त्याचं कामच ते होतं, याला काढून त्याला टाकायचं.

आजी मात्र मूग गिळून बसली होती. हेच आश्चर्य होतं. आयुष्यभर तिने विमानतळावर हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर काम केलं होतं. तावातावाने भांडत आलेल्या माणसाला दोन वाक्यांत गप्प करणारी बाई ती. पण या विषयावर गेले आठ दिवस तिने तोंड उघडलं नव्हतं. आताही ती टेबलाकडे पाठ करून पुढच्या दाराकडे बघत होती.

त्या दाराच्या आतल्या अंगाला हातभर जागेत काळा रंग लावलेला होता, फळ्यासारखा. घरात टेलिफोन नव्हता तेव्हाची ही पद्धत. जाणाऱ्याने जाताना खडूने आपल्या हाताने ओळ लिहायची, कोण आणि परत कधी. आल्यावर आपल्याच हाताने पुसायची. दुसऱ्याने हात लावायचा नाही. सगळ्यात वर, वाकड्या पण ठसठशीत अक्षरात एक ओळ होती : थोरले, परत बुधवारी, चहाला. कॅप्टनचे वडील टपालाचं विमान घेऊन बेटांकडे गेले त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली होती. ना विमान मिळालं, ना माणूस. दाराला तेव्हापासून चार वेळा रंग दिला, पण ती ओळ सोडून. या घरात थोरले गेले असं कोणी म्हणत नसे. थोरले बाहेर आहेत, असं म्हणत.

"तुम्हाला साखर?" बिट्टीने ताईला विचारलं.

"दोन चमचे," ताई म्हणाली. "तुला माहितीये ना गं, बिट्टी."

"आईला दोन लागते," बिट्टी म्हणाली. "तुम्हालापण दोनच का?"

कॅप्टननी कप खाली ठेवला. इतके आठवडे त्यांनी हे सगळं पोरखेळ म्हणून उडवून लावलं होतं. लाडावलेली पोर, दुसरं काही नाही. आज पहिल्यांदाच त्यांनी नातीचा चेहरा नीट पाहिला. त्यावर खोडीचा मागमूस नव्हता. ती खरंच विचारत होती.

*

कल्पना मामाची. फोनवर बोलते ना, मग फोनवरच विचारू. ताई मागच्या अंगणात गेली, मागचं दार ओढून घेतलं आणि कपडे वाळत घालायच्या दोरीखाली उभी राहून तिने आपल्या मोबाइलवरून घरचा नंबर लावला. आत मामाने घंटा वाजताच फोनचं स्पीकरचं बटण दाबलं.

"आई!" दोन भिंती ओलांडूनही तो आवाज तिला फोनआधी ऐकू आला. "आई, माझा दुसरा दात पडला!"

हे तिला माहीत होतं. काल तिने तो दात पाहिला होता, बिट्टीने कागदात गुंडाळून दाखवला होता, जसा पाहुण्याला दाखवतात. ताईने दोरीला धरलं. तिला रडायचं नव्हतं, कारण पायलटचा आवाज कापता कामा नये, एवढी एक गोष्ट वडिलांनी तिला लहानपणापासून शिकवली होती.

दाताचं झाल्यावर तिने विचारलं, "बिट्टी, घरी कोण कोण आहे गं?"

"सगळे आहेत. मामापण आलाय. आणि त्या आहेत."

"त्या कोण?"

बिट्टी जरा हळू बोलायला लागली. आत चार माणसं श्वास रोखून बसली होती, त्यांचं तिला काही नव्हतं. ती आईशी बोलत होती. "तुझ्यासारख्या दिसतात. तुझेच कपडे घालतात. तू येणार म्हणतेस ना, तर तुझ्याऐवजी त्याच येतात दर वेळी. वाईट नाहीयेत. पण खूप झोपतात."

"मग मी का येत नाही? तुला माहितीये?"

"हो."

"सांग ना."

"सांगायचं नाहीये. घरात कोणाला सांगायचं नाही असं ठरलंय." मग विचार करून ती म्हणाली, "पण तू घरात नाहीयेस, नाही का? तुझी ओळ आजीनं पुसली, आई. तू यायच्या आधीच. मग तू कशी येणार?"

*

 आजीने हातातली कपबशी व्यवस्थित टेबलावर ठेवली आणि खिडकीवरच्या बाईच्या त्याच सपाट आवाजात सांगून टाकलं. हरवलेल्या सामानाबद्दल खोटं बोलायचं नाही, हा तिचा नियम होता. पाच आठवडे तिने तो मोडला होता.

पाच आठवड्यांपूर्वीचा तो गुरुवार सगळ्यांना आठवत होता. ताई सकाळी यायची होती. तिच्या वाटेवर कुठलासा ज्वालामुखीचा डोंगर पेटून आकाशात राख पसरली होती आणि दुपारपर्यंत तिचं विमान कुठे उतरलं ते कंपनीलाही सांगता येत नव्हतं. कॅप्टन आणि मामा विमानतळावर धावले, मास्तर शाळेत. घरी आजी आणि बिट्टी. आजी दारासमोर खुर्ची टाकून बसली होती. समोर दोन ओळी, एकीखाली एक. वर, थोरले परत बुधवारी चहाला. खाली, ताई परत गुरुवारी सकाळी. सासूबाई वीस वर्षं त्या वरच्या ओळीच्या कडेकडेने फडकं फिरवताना तिने पाहिल्या होत्या. रोज, ओळीला धक्का न लावता.

"मला वाटलं, आता हिचीपण तशीच राहील," आजी म्हणाली. "उद्यापासून मला दोन ओळींच्या कडेनं पुसत बसावं लागेल. माझ्यानं बघवेना. ओळच नको म्हटलं. उठले आणि पुसून टाकली. मागं वळले तर ही उभी. तिला म्हटलं, घरात कोणाला सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई आली होती, तीस तास उशिरा. सगळे तिच्या गळ्यात पडले. तिने सवयीने फडकं उचललं, दारावर आपली ओळ दिसली नाही, तेव्हा तिला वाटलं, जाताना लिहायची राहिली असेल. ती तशीच जाऊन झोपली, सोळा तास. बिट्टी पलंगापाशी उभी राहून तिच्याकडे बघत होती, हे आजीला आता आठवलं.

फोन अजून चालूच होता.

"आई, आहेस ना?" बिट्टी विचारत होती.

"आहे," फोनमधून ताई म्हणाली. "बिट्टी, मग आता काय करायचं?"

पोरीने हे आधीच ठरवून ठेवलेलं असावं. ज्यानं पुसली त्यानं परत लिहायची, ती म्हणाली. होती तशीच. मग तू बाहेरून ये आणि तुझ्या हातानं पूस.

"आणि त्या?"

"त्या जातील," बिट्टी म्हणाली.

आजी उठली. तिने खडू घेऊन थोरल्यांच्या ओळीखाली लिहिलं : ताई, परत गुरुवारी सकाळी. बिट्टी शेजारी उभी राहून अक्षरं तपासत होती. रविवारची संध्याकाळ होत आली होती, बाहेर अजून स्वच्छ ऊन होतं, आणि तरी त्या पाचांपैकी कोणालाही ती ओळ चुकीची वाटली नाही.

*

ताई मागच्या फाटकाने बाहेर पडली आणि बोळातून वळसा घालून पुढच्या रस्त्याला लागली. मोठ्या विमानाचे चारशे लोक तिच्या हवाली करतात, आणि ती स्वतःच्या घराला चोरासारखी वळसा घालतेय, याचं तिला हसू यायला हवं होतं. पण आलं नाही. आत शिरल्यावरही बिट्टी "या" म्हणाली, तर पुढे काय, हे तिला माहीत नव्हतं. यापुढे करण्यासारखं दुसरं काहीच उरलं नव्हतं.

रस्त्यापलीकडे थांबून तिने घराकडे पाहिलं. जेवणघराची खिडकी उघडी होती. टेबलाभोवती माणसं बसली होती. वडिलांची ताठ मान, मास्तरांचं टक्कल, मामा, आई, पाठमोरी बिट्टी. आणि तिच्या स्वतःच्या खुर्चीत कोणीतरी होतं.

ताईने मोजलं. सहा. आत पाच माणसं असायला हवी होती. तिने सवयीने, खालून वर, डावीकडून उजवीकडे पुन्हा मोजलं, जसं उड्डाणाआधी एकेक काटा तपासतात. सहाच होती. तिच्या खुर्चीतली बाई जरा पुढे वाकून बसली होती, दोन्ही हात कपाभोवती धरून, आणि पुढच्या दाराकडे बघत होती. आपला गणवेशाचा कोट असेल खुर्चीला टांगलेला, ताईने स्वतःला सांगितलं. कोटच तो. एक मोटार आडवी गेली आणि मग ती रस्ता ओलांडून दाराशी पोचली.

तिने घंटा वाजवली.

दार बिट्टीने उघडलं. ती काही बोलली नाही, नुसती बाजूला झाली. गणवेशाचा कोट दारामागच्या खुंटीला होता. ताईने त्याच्याकडे बघायचं टाळलं. फडकं घेतलं, आईच्या अक्षरातली आपली ओळ शोधली आणि पुसली. थोरल्यांच्या ओळीला धक्का न लावता, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. हाताला खडू लागला.

"किती उशीर केलास गं," बिट्टी म्हणाली, आणि तिच्या कमरेला अशी बिलगली की ताईला दाराला टेकावं लागलं.

टेबलापाशी मास्तर उघड उघड रडत होते. आजीने पदर डोळ्यांना लावला. मामा पंख्याकडे बघत होता, पंखा बंद होता तरी.

*

 सगळ्यात आधी कॅप्टन सावरले, आणि सावरले ते थेट मूळ पदावर.

"बघा," ते म्हणाले. "म्हणजे वेळापत्रकाचा काही संबंधच नव्हता. फडक्याचा घोटाळा होता सगळा. आता कशाला सोडायची नोकरी?"

मामानेही मान डोलावली. त्याने परत बाजू बदलली होती, आणि खरं सांगायचं तर त्यात काही वावगं नव्हतं. दुखणंच गेलं तर औषध कशाला? त्याने लगेच सुचवलं, की वर्षभर तो तिला जरा बरी वेळापत्रकं काढून देईल. कॅप्टन झाली की मग तिची तीच मुखत्यार. आजीसुद्धा म्हणाली, माझी चूक होती, माझ्या चुकीपायी तू कशाला मागं येतेस?  मास्तरांचा सगळ्यात मोठा मुद्दा आता त्यांच्याच बायकोच्या मांडीवर बसला होता.

ताई घड्याळाकडे बघत होती. सहाला वीस मिनिटं होती. आणि तिला, हे तिने पुढे कधी कोणापाशी कबूल केलं नाही, सुटल्यासारखं वाटत होतं. मोठ्या विमानाची डावी खुर्ची, कॅप्टनची, तिला हवी होती. अकरा वर्षं हवी होती. ढगांच्या वर, समोर नुसता निळा अंधार आणि हाताखाली ते अजस्र, आज्ञाधारक यंत्र. आता पोरगीही मिळाली आणि तेही राहिलं, तर वाईट काय? छोट्या कंपनीला कळवायचं दोन ओळींचं पत्र तिच्या डोक्यात तयार व्हायला लागलं. आभारी आहे, परंतु.

बिट्टी मांडीवरून उतरली. हुकावरून तिने आईचा निळा कप काढला, टवका उडालेला, आणि आईसमोर ठेवला. सोनेरी काठाचा कप मात्र तिने उचलला नाही. जरा सरकवून निळ्या कपाशेजारीच ठेवला.

"हा कशाला?" ताईने विचारलं. "आता मी आले ना?"

"हा त्यांचा."

"त्या गेल्या ना पण."

"गेल्या. पण तू लांब गेलीस की येतील परत." बिट्टीने हे सांगितलं ते उद्या शाळा आहे असं सांगावं तसं. "त्या आधीपण यायच्या, आई. आजीनं ओळ पुसली त्याच्या आधीपण. तेव्हा मला वाटायचं, तूच आहेस."

 कॅप्टनचा हात कपाच्या वाटेवर अर्ध्यात थांबला होता.

"कशावरून गं?" ताईने विचारलं. पायलटचा आवाज कापता कामा नये. तो कापत होता.

"झोपायच्या ना खूप. आणि काही सांगितलं की नुसतं हं म्हणायच्या. तू फोनवर कधी हं म्हणत नाहीस." पोरीला आईची कीव आली असावी, कारण तिने तिचा खडूचा हात हातात घेतला. "चांगल्या आहेत गं. मी दाराशी बसले की त्यापण बसायच्या माझ्याजवळ. त्यापण तुझीच वाट बघायच्या."

कॅप्टन उठले आणि दाराकडे पाठ करून खिडकीत उभे राहिले. एकवीस वर्षं त्यांच्यासाठी काढलेल्या पाहुण्यांच्या चादरी त्यांना आठवल्या की आणखी काही, ते त्यांनी सांगितलं नाही. तिथूनच ते एवढंच म्हणाले, "छोट्या विमानाला उतरताना वारा फार लागतो. सांभाळून उतरव."

ताईने मोबाइल काढला आणि छोट्या कंपनीला हो कळवलं. सहाला आठ मिनिटं होती. डावी खुर्ची गेली, याचं दुःख तिला त्या क्षणी झालं, आणि पुढेही कित्येक दिवस होत राहिलं. मास्तरांनी ते ओळखलं आणि तिच्या खांद्यावर नुसता हात ठेवला, मुद्दे न काढता.

मग सगळ्यांना एकदम बोलायचं होतं. मामाने राजीनाम्याचा हिशोब लावला. नियमाप्रमाणे मोठ्या कंपनीत अजून दोन महिने काढायचे होते, म्हणजे लांबची चार उड्डाणं, त्यातून सुटका नाही. पहिलं याच मंगळवारी. आजीने दिवा लावला आणि सगळ्यांना सांगून टाकलं, की यापुढे त्या फडक्याला ती हात लावणार नाही, आभाळ कोसळलं तरी.

बिट्टी ऐकत होती. "चार वेळा जायचंय अजून?" तिने आईला विचारलं.

"चारच वेळा. मग रोज पावणेसहाला घरी."

बिट्टीने बोटं मोजली. मग सोनेरी काठाचा कप तिने मोरीत नेऊन विसळला, फ्रॉकला पुसला आणि स्टुलावर चढली. वरच्या कपाटात बाकीचे कप मागे सरकवून तो तिने पुढे, हाताला येईल असा ठेवला.